भिजवलेला नान

सम्यक : ही नळी तुझ्या ताटात टाकतोय. चाचानं खास तुझ्यासाठी काढलीये.

अजिनाथ : तू खा.

सम्यक : मी खाऊ? अबे, आयटीआयला असताना याच टेबलावर नळीवरनं आपली मारामारी झालीये. माझा शर्ट फाडला होतास तू.

अजिनाथ : तवाची गोष्ट येगळी. आता भूक नाय.

सम्यक : भूक नाही आणि कधीचा नान भिजवत बसलायस. लगदा झालाय त्याचा. मटणाचा खलिया आहे तो अज्या, बाळाची खीर नाही.

अजिनाथ : मऊ चांगला लागतो.

सम्यक : चाचा, इधर थोडा शोरबा और देना. तर्री कम डालो.

अजिनाथ : तर्री कम? वाटीनं वरपायचा की तू तर्री.

सम्यक : ॲसिडिटी. मोबाईलच्या दुकानात दिवसभर बसून बसून झालीये. माझं सोड. तुला आज इथं का बोलावलं, माहितीये?

अजिनाथ : कंपनीला सुट्टी हाय म्हणून.

सम्यक : प्रांजलीवहिनींचा फोन आला होता.

अजिनाथ : माझ्या बायकोचा? तुला? कशाला?

सम्यक : मला शिव्या द्यायला. म्हणजे शिव्या नाही, त्या कुठं शिव्या देतात. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक विनंती आहे. यांना रोज बाहेर जेवायला नेत जाऊ नका. घरी आले की म्हणतात, सम्यकसोबत खाऊन आलो."

अजिनाथ : मग तू काय म्हणला?

सम्यक : काय म्हणणार? आपण शेवटचं सोबत जेवलो आखाडात. दसरा होऊन गेला आता. मी म्हटलं, "सॉरी वहिनी, परत नाही नेणार." तुझ्यासाठी खोटं बोललो.

अजिनाथ : बरं केलं.

सम्यक : काय बरं केलं? कुठं जेवतोस तू? कोण आहे ती?

अजिनाथ : ती? बाई म्हणायला का तू? डोकं फिरलं का तुझं! मशीनवर उभं राहून राहून जीव जातो माझा, बाई कुठनं आणू?

सम्यक : मला नको सांगू. वहिनींच्या डोक्यात तेच आहे. विचारलं नाही त्यांनी, पण आवाज कळतो ना यार.

अजिनाथ : गेटाबाहेर खानावळ हाय एक. तिथं वरणभात खातो.

सम्यक : वरणभात? तू? भाकरीशिवाय ज्याला जेवल्यासारखं वाटत नाही, तो पैसे देऊन वरणभात खातो?

अजिनाथ : चांगला कालवला की जातो खाली.

सम्यक : आणि वहिनी देतात तो डबा?

अजिनाथ : आमच्या लायनीवर इंद्रजीत हाय, जालन्याचा. तो खातो. बोटं चाटून खातो. रोज म्हणतो, वहिनीच्या हाताला काय चव हाय, नशीबवान हायस लेका.

सम्यक : वा! चव इंद्रजीतला कळते आणि घरात तुझी आई त्यांना काय ऐकवते, माहितीये? "माझं लेकरू ठेच्यावर वाढलंय. तुझ्या हाताला चव नाय म्हणून ते बाहेर जेवतंय." सुगंधाकाकू हे रोज म्हणतात, वहिनींकडूनच कळलं मला. म्हणून वहिनी बिचाऱ्या रोज मिरच्या वाढवतात. मोबाईलवर बघून बघून झणझणीत करतात.

अजिनाथ : म्हणून परवाची मेथी तशी होती व्हय. एक घास घेतला आन उठलो. नुसती आग.

सम्यक : आग? तुला? माझ्या आईचं सुकट खाताना वर हिरवी मिरची मागायचास तू. आई अजून सांगते सगळ्यांना.

अजिनाथ : भामाकाकूचं सुकट! लई दिवस झाले. कशी हाय काकू?

सम्यक : विषय बदलू नको. रविवारी वहिनी पैठणला चालल्यात.

अजिनाथ : ठाव हाय. भावाच्या पोराचं बारसं हाय.

सम्यक : बारसं कधीच झालं. त्यांच्या भावानं, कृष्णानं, फोटो टाकले होते, मी बघितले. परत कधी येणार विचारलं तर म्हणाल्या, "बघू." मला ते "बघू" काही बरं वाटलं नाही अज्या. जाणारं माणूस असं बोलत नाही. सोडून जाणारं बोलतं.

अजिनाथ : मला बोलली नाय काही.

सम्यक : तू त्यांना बोललास? मी तुला परवा क्रांती चौकात पाहिलं. पाणीपुरीच्या गाड्यावर. हाक मारणार होतो. तू पुरी हातावर फोडलीस, बोटांनी चुरलीस, वाटीत पाणी ओतून चमच्यानं खाल्लीस. दोन घास खाल्लेस आणि तोंड धरून उभा राहिलास. दोन पुऱ्या एकदम कोंबून वर माझ्याशी भांडणारा माणूस तू. मी गाडी वळवून निघून गेलो. भीती वाटली मला.

अजिनाथ : तुला कशाची भीती?

सम्यक : आ कर.

अजिनाथ : काय?

सम्यक : आ कर म्हणतोय. मोठा.

अजिनाथ : येडा का खुळा तू. माणसं बघायलेत.

सम्यक : बघू दे. कर.

अजिनाथ : आ...

सम्यक : अजून.

अजिनाथ : एवढंच होतं. जास्त केलं की कानापाशी ओढतं. गाल आतून ताठ झालेत, दोऱ्या भरल्यागत. बोटं उभी घालून बघ म्हणली डॉक्टरीण. दोनच गेली. धडधाकट माणसाची तीन जातात.

सम्यक : म्हणजे डॉक्टरकडं जाऊन आलास?

अजिनाथ : दातांच्या सरकारी दवाखान्यात गेलतो. एकटाच. पोरगीच होती डॉक्टरीण, लई मायेनं बोलली. सुपारीनं, गुटख्यानं होतं म्हणली. आत गालाला पांढरा डाग हाय, त्याचा बारका तुकडा काढून तपासायचा, सोमवारी या म्हणली.

सम्यक : काय निघालं त्यात?

अजिनाथ : गेलो नाय.

सम्यक : कधीचा सोमवार हा?

अजिनाथ : पोळ्याच्या आधीचा.

सम्यक : अबे अज्या! पोळ्यापासून तू तो डाग तोंडात घेऊन फिरतोयस? वरणभात खात?

अजिनाथ : मल्हारीकाका आठवतो का तुला? माझा चुलता, गंगापूरच्या बाजारात बकरी विकायचा.

सम्यक : आठवतो. आपल्या खिशात शेंगा भरायचे.

अजिनाथ : त्याचाबी आधी तुकडाच काढला. आन मग सगळं सुरू झालं. शेवटाला नाकात पाईप. पाईपातून दूध सोडायचे. यात्रेला मुंडी शिजली की पहिलं ताट त्याचं असायचं, असला खाणारा माणूस. पाईपातून दूध चाललेलं असायचं आन तो आमच्या ताटाकडं बघायचा. नुसता बघायचा. मग आम्ही त्याच्यासमोर जेवणं बंद केलं. आत, दार लावून जेवायचो. वासानं कळतच असंल की त्याला.

सम्यक : काकांना तुकड्यानं नाही झालं रे. तुकडा काढायच्या आधीच झालेलं होतं.

अजिनाथ : कळतं मला. कळलं म्हणून भ्या जातं का?

सम्यक : नाही जात.

अजिनाथ : तुकडा काढला नाय तवर मला काही झालेलं नाय. असं वाटतं. कंपनीत जातो, येतो, भात गिळतो.

सम्यक : पुडी सोडलीस?

अजिनाथ : त्याच दिवशी. दिवसभर जीभ शोधत फिरती. आन तू रे? तुझ्या खिशातनं काय डोकावतंय ते?

सम्यक : मी कमी केलंय.

अजिनाथ : कमी म्हंजी?

सम्यक : जेवणानंतर एक. आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की.

अजिनाथ : आन गिऱ्हाईक असलं की?

सम्यक : तेव्हा पण. माझं सोड म्हटलं ना! वहिनींना का नाही सांगितलंस?

अजिनाथ : पोरगी बघायला गेलतो ना पैठणला, तू होतास की सोबत. तिनं विचारलं होतं, "काही खाता का?" आन मी म्हणलो, बडीशेप.

सम्यक : आणि मी मान डोलावली होती.

अजिनाथ : आता कोणत्या तोंडानं सांगू? आई तर रडून रडून मरंल. तिनं दिराचं सगळं केलंय, पाईपासकट.

सम्यक : म्हणून वहिनींनी निघून जायचं? चव नसलेली बाई म्हणून? लाव फोन.

अजिनाथ : घरी गेल्यावर बोलतो.

सम्यक : घरी गेलास की "खाऊन आलो" म्हणशील आणि भिंतीकडं तोंड करून झोपशील. ओळखतो तुला मी. इथं लाव. स्पीकरवर टाक, मला पण त्यांना सांगायचंय की मी खोटं बोललो.

अजिनाथ : माझ्यानं नाय लागायचा.

सम्यक : आण इकडं, मी लावतो.

(फोन लागतो.)

प्रांजली : बोला. जेवलात ना? मग झाकून ठेवत नाही मी. आईंचं झालंय.

अजिनाथ : नाय जेवलो.

प्रांजली : का? भाऊजी आले नाहीत का?

सम्यक : आलोय वहिनी, इथंच आहे. मी तुम्हाला खोटं बोललो हो. आखाडानंतर आम्ही आजच भेटतोय.

प्रांजली : माहीत आहे मला.

सम्यक : माहीत आहे?

प्रांजली : तुम्ही लगेच सॉरी म्हणालात. खरंच नेत असता तर आधी माझ्याशी वाद घातला असता.

अजिनाथ : प्रांजली, कुणी बाई नाय.

प्रांजली : मी विचारलं का?

अजिनाथ : काय केलंयस आज?

प्रांजली : भरीत. आईंनी स्वतः मिरच्या भाजून दिल्या. म्हणाल्या, आता तरी खाईल. चाखताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तिखटानंच आलं, असं सांगितलं मी त्यांना.

अजिनाथ : तुझ्या हाताला चव हाय. डबा इंद्रजीत खातो, बोटं चाटून. मलाच खाता येईना. तोंडात जळतं सगळं. भाकर चावत नाय. तोंडात दोनच बोटं जातात आता.

सम्यक : वहिनी? ऐकू येतंय ना?

प्रांजली : येतंय. बडीशेप म्हणाला होतात तुम्ही.

अजिनाथ : व्हय.

प्रांजली : रोज मिरच्या कुटते मी. हाताची आग होते, झोप येत नाही. तुमच्याच शेजारी पडलेली असते ना मी? एकदा म्हणाला असतात, "प्रांजली, तिखट नको करू." काय गेलं असतं हो तुमचं? एवढंच तर म्हणायचं होतं.

अजिनाथ : भ्या वाटलं.

प्रांजली : आणि मला काय वाटत होतं?

अजिनाथ : गालातला तुकडा काढून तपासायचा म्हणतेत. मल्हारीकाकासारखं निघालं तर?

प्रांजली : निघालं तर तेव्हा रडू. सोमवारी जायचं. मी येते सोबत.

अजिनाथ : आन पैठण?

प्रांजली : पैठण कुठं पळून चाललंय? आईंनाही मीच सांगते. तुम्ही नका सांगू, तुम्हाला नीट सांगता येत नाही काही.

सम्यक : सोमवारी मी पण येतो वहिनी. दुकान बंद ठेवतो.

प्रांजली : भाऊजी, तुमची किती जातात?

सम्यक : काय?

प्रांजली : बोटं. दोघं एकाच पुडीतनं खायचा ना? लग्नात मांडवामागं मी पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी, नवरीनं कसं बोलावं म्हणून गप्प बसले.

सम्यक : माझं काही नाही वहिनी. मला नुसती ॲसिडिटी...

अजिनाथ : घाल. माझ्यासमोर घाल.

सम्यक : इथं? हात खरकटे आहेत यार.

अजिनाथ : डाव्या हाताची घाल. उभी. हां. एक. दोन. तिसरं घाल.

सम्यक : थांब ना.

अजिनाथ : घाल की.

सम्यक : जात नाय रे.

प्रांजली : काय झालं? भाऊजी? अहो, बोला ना कुणीतरी.

अजिनाथ : काही नाय. भाकर दुधात भिजत घाल. सम्यकबी येतोय जेवायला.