सही बाकी असताना ठरलेला सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पतसंस्थेचे चेअरमन माननीय महिपतराव, मंचावरील संचालक मंडळी, व्यवस्थापक संदेश, आणि घरची कामं टाकून रत्नागिरीच्या या सभागृहात आलेल्या माझ्या ठेवीदार बंधुभगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. इतकं कौतुक ऐकायची मला सवय नाही हो! ऑडिटर आली की लोकांची आधी कपाटाची किल्ली हरवते.

संदेशनं आत्ता सांगितलं, की राजश्रीमॅडमनी बारा वर्षं संस्थेचे हिशोब तपासले, आता कार्यालय बंद करून त्या मुलीकडे नाशिकला चालल्या. खरं आहे. पण या सत्काराच्या पत्रिका छापून आल्या, तेव्हा यंदाच्या अहवालावर माझी सही झालेली नव्हती, हे सांगायचं त्याच्याकडून राहिलं. आधी सत्कार ठरला आणि मग सही, असं बारा वर्षांत कधी झालं होतं का?

महिपतराव, पाणी घ्या. मी भांडायला उभी नाही.

लोकांना वाटतं, ऑडिटर आणि संस्था भांडतात. छे! आम्ही घासाघीस करतो. या समोर बसलेल्या मालनताई जेटीवर सुरमईचा भाव करतात ना, तशीच. फक्त आवाज चढवायचा नाही आणि मध्ये कांदेपोहे. यंदाची घासाघीस सहा कर्जांवरून होती. एक कोटी ऐंशी लाख. त्यांतला एक रुपयाही खऱ्या अर्थानं परत आलेला नाही. मार्चअखेर आली की त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातून जुनं फिटलं असं दाखवायचं.

मी म्हटलं, ही थकीत दाखवा. महिपतराव म्हणाले, "मॅडम, दोन दाखवतो." मग तीनवर आले. मग म्हणाले, सगळी दाखवू, पण मागच्या पानावर, बारीक अक्षरात. शेवटी हात जोडले. "उद्या दारात रांग लागली तर बायाबापड्यांचे पैसे अडकतील. तुम्ही नाशिकला जाल, मी कुठे जाऊ?"

ही भीती खोटी नव्हती. रांग लागली तर भलीभली संस्था कोसळते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि तुम्हाला सांगते, गेल्या वर्षी याच भीतीपुढे मी नमले. तेव्हा कर्जं चार होती. "वर्षभर द्या, वसूल करतो," म्हणाले. मी दिलं. सही केली. यंदाच्या सहांतली उरलेली दोन त्या सहीनंतर वाटली गेली. मला त्याची लाज वाटते.

संदेश, माइक राहू दे. दोनच मिनिटं.

आज दारात मालनताईंनी मला गजरा दिला. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्यांनी इथं ठेवलेत. हळूच म्हणाल्या, "ताई, आमचे पैसे जागेवर हायत ना?" मी नुसतं गजऱ्याचं कौतुक करून आत आले.

मालनताई, उत्तर आता देते. सगळे पैसे जागेवर नाहीत. तुमची ठेव बुडालेली नाही. पण ती सहा कर्जं वसूल झाली नाहीत तर बुडू शकते. आज दुपारी मी अहवालावर सही केली. सहाच्या सहा त्यात आहेत, पहिल्याच पानावर. एक प्रत निबंधकांच्या कार्यालयात पोचती केली आहे.

कृपा करून उद्या रांग लावू नका. रांगेत पुढच्या दहाजणांचं भागतं, मागच्यांचं नाही. पंधरा दिवसांनी वार्षिक सभा आहे. सगळे या आणि वसुली मागा. मागितल्याशिवाय इथं काही हलत नाही, हे मी बारा वर्षं पाहिलंय.

खरे कागद न लपवता पुढे ठेवणाऱ्या इथल्या कारकून मंडळींचे मनापासून आभार. आज बोलताना एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर तो पोटात घाला. गेल्या वर्षीची सही मात्र घालू नका. तिचा जाब सभेत विचारा, मी नाशिकहून येईन.

कर्जदारांची नावं जाहीर करायचा अधिकार मला नाही. सहाही अर्जांवर शिफारस महिपतरावांची आहे, आणि यानंतरचं अध्यक्षीय भाषणही त्यांचंच आहे. या, महिपतराव. लोक ऐकताहेत.