अहोंचं बोट

(मोबाइलच्या दुकानात. काउंटरवर दोन नवे आयफोन.)

नवरा: हा बटणवालाच घे. आटोपशीर आहे, आणि बोट टेकवलं की उघडतो.

बाई: कुणाचं बोट?

नवरा: आता दुकानात सुरू करू नकोस.

सेल्सगर्ल: काकू, आत्तापर्यंत अँड्रॉइड होता ना? आयफोनची सवय व्हायला थोडे दिवस जातील. का बदलताय?

बाई: यांच्या बोटामुळे.

सेल्सगर्ल: म्हणजे?

बाई: अगं, मी टेलर. आयुष्यभर सुया टोचून बोटं अशी झालीत की फोन ओळखच दाखवत नाही. तर यांनी काय डोकं चालवावं? माझ्या फोनला स्वतःचं बोट लावून दिलं!

नवरा: तात्पुरती सोय होती.

बाई: दोन वर्षं? गिऱ्हाईक उभं, त्याला कोटाचं डिझाइन दाखवायचं, आणि मी फोन घेऊन घरभर "अहो, अहो" करत फिरतेय. हे आंघोळीला! दाराच्या फटीतून साबणाचं बोट बाहेर!

नवरा: आलं ना पण बाहेर?

सेल्सगर्ल: नंबर टाकूनही उघडतो की, काकू.

बाई: नंबर हेच ठेवतात. मग सुरक्षेसाठी बदलतात. मग विसरतात.

नवरा: चोरांना कळू नये म्हणून.

बाई: चोरांनाच काय, घरात कुणालाच कळत नाही. ते राहू दे. हा दुसरा कसा उघडतो गं?

सेल्सगर्ल: चेहरा बघून. बोटाचा संबंधच नाही.

नवरा: केवढा मोठा आहे! तुझ्या खिशात मावायचा नाही.

बाई: खिसा मीच शिवलाय. वाढवीन.

नवरा: चष्मा लावलास तर ओळखणार नाही.

सेल्सगर्ल: ओळखतो, काका.

नवरा: आणि तोंडात टाचण्या असल्या तर? हिच्या तोंडात सदानकदा टाचण्या असतात.

सेल्सगर्ल: हे... आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बाई: पर्समध्ये आहेत माझ्या. आधी माझा चेहरा घालून दे, मग करूनच बघू.

सेल्सगर्ल: मान गोल फिरवा. हळू. झालं. आता धरा टाचण्या तोंडात.

बाई: उं... उंघंडला! अंहों, उंघंडला!

नवरा: टाचण्या काढ आधी, गिळशील. आण इकडे... मला नाही उघडत.

बाई: नाहीच उघडणार. तोंड काय पाडताय? माझ्या कमाईचा घेतेय.

नवरा: पैशाचं नाही गं.

बाई: मग?

नवरा: रिटायर झाल्यापासून घरात मला विचारतं कोण? तू तेवढी हाका मारत यायचीस. बरं वाटायचं.

बाई: गिऱ्हाइकांपुढे माझी फजिती, आणि तुम्हांला बरं वाटायचं?

नवरा: वाटायचं. खोटं कशाला बोलू?

सेल्सगर्ल: काकू... मग कुठला देऊ?

बाई: चेहऱ्याचाच. बिल कर.

नवरा: बरं.

बाई: अहो.

नवरा: काय गं?

बाई: काही नाही.