माणूस म्हणून नापास

…हसा, हसा, हसायला माझी ना नाही, अख्खं मँचेस्टर हसून झालंय, मग तुम्हीच का मागे राहता, आमच्या पबमध्ये तर मी आत पाऊल टाकलं की कोपऱ्यातून कुणीतरी विचारतंच, ‘नॉर्मन, तुला बिअर देऊ की चार्जिंगला लावू?’, आणि मी आपला हसतो, म्हणजे हसल्यासारखं तोंड करतो, कारण हल्ली मी हसलो तरी लोक निरखून बघतात, हा खरा हसतोय की कसं… पण तुम्हाला सांगतो, माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतं. मला सांगितलं होतं, ‘आहेस तसा राहा.’ मी राहिलो. एवढाच माझा गुन्हा.

मी नॉर्मन ओल्डरॉइड. पाणी कंपनीच्या तक्रार खात्यात उभी हयात नोकरी केली आणि निवृत्त झालो. कुणाचा नळ आटला, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, की त्यांना पत्राने उत्तर देणारा माणूस तो मी. माणूस म्हणतोय मी, जरा लक्षात ठेवा. आमची टॅम्सिन, म्हणजे मुलगी, विद्यापीठात त्या बोलणाऱ्या यंत्रांच्या खात्यात आहे. ती एका रविवारी जेवायला आली आणि हॉटपॉटमधला, म्हणजे आमच्याकडच्या मटणाच्या रश्श्यातला, बटाटा फुंकता फुंकता म्हणाली, ‘डॅड, आमच्याकडे एक स्पर्धा आहे. पंच टाइप करून गप्पा मारणार, एकदा माणसाशी, एकदा यंत्राशी. समोर कोण आहे ते दिसणार नाही. माणूस कुठला आणि यंत्र कुठलं ते त्यांनी ओळखायचं. आम्हाला एक माणूस कमी पडतोय.’

मी म्हटलं, ‘मला काय करावं लागेल?’

‘काही नाही. आहेस तसा राहा.’

आता एवढं सोपं काम कोण सोडेल? आमची हिलरी, म्हणजे बायको, ती तर मला स्वेटर शोधून देताना म्हणाली, ‘नॉर्मन, तू निदान एवढं तरी जिंकशील.’ त्यातला ‘निदान’ मला तेव्हा ऐकू आला नाही.

तिथे गेलो तर एक प्रोफेसर हॅलिवेल म्हणून, केस विस्कटलेले, हात सारखे हवेत. तो मला समजावून सांगायला लागला की खरी कृत्रिम बुद्धिमत्ता कशाला म्हणायचं… मी मनात म्हटलं, खरी कृत्रिम, म्हणजे अस्सल नकली दात म्हटल्यासारखं झालं, पण बोललो नाही, पाहुणा माणूस मी… तर तो म्हणाला, ‘मिस्टर ओल्डरॉइड, यंत्राच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण ते बोलताना माणसापासून वेगळं काढता आलं नाही, तर ते विचार करत नाही असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?’ मला पटलं. खरंच पटलं हो. फक्त एक विचारायचं राहून गेलं, की जो माणूस यंत्रापासून वेगळा काढता येत नाही, त्याला काय म्हणायचं? विचारलं असतं तर कदाचित तिथूनच परत फिरलो असतो.

मला मागच्या खोलीत बसवलं. एक कीबोर्ड, एक पडदा, एक बिस्किटांची बशी. बाहेर सभागृहात लोक, त्यांच्यात हिलरी, आणि समोर भिंतीवर दोन रकाने, डावा आणि उजवा, एकात मी, एकात ते यंत्र, पण कुठल्यात कोण ते कुणालाच ठाऊक नाही. पंच तिघं होते, पण प्रश्न विचारायचं काम मिसेस बर्टनशॉ यांच्याकडे. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या म्हणे, आता निवृत्त. जाताना टॅम्सिनने दारातून परत सांगितलं, ‘आहेस तसा राहा.’

पहिला प्रश्न आला, चौतीस गुणिले सतरा किती? मी तक्रार खात्यात बिलं तपासलेला माणूस, ताबडतोब लिहिलं, पाचशे अठ्ठ्याहत्तर. आणि त्या यंत्राने काय लिहिलं माहीत आहे? जरा वेळ घेतला, आणि लिहिलं, ‘अरे देवा, गणित नको हो… सहाशेच्या आसपास?’ म्हणजे बघा, ज्याला अर्ध्या क्षणात येतं ते मुद्दाम चुकलं, आणि मी खरं उत्तर दिलं तर पंचांनी माझ्या रकान्यापुढे फुली मारली.

मग बाईंनी एक विनोद सांगितला, बदकाचा काहीतरी. त्यात एक स्वल्पविराम राहिला होता. मी तो दाखवून दिला. आता कुणी म्हणेल, काय गरज होती? पण बाई मुख्याध्यापिका, त्यांना आवडेल असं मला वाटलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? मी विचार केला, बराच केला, आणि लिहिलं, ‘सध्या तरी तशी काही बाब आमच्या निदर्शनास आलेली नाही.’ आमच्या. एकटा बसलो होतो खोलीत, बशीतली बिस्किटं खात, आणि आमच्या म्हणे. पण इतकी वर्षं कंपनीच्या वतीने लिहिलं की बोटं तशीच वळतात, आणि मी आहे तसाच आहे ना, तसंच राहायला सांगितलं होतं.

आणि मग तो प्रश्न. बाईंनी विचारलं, ‘तुमच्या घरी चहा कोण करतं?’

मी लिहिलं, ‘आळीपाळीने.’

खरं आहे ते. सकाळचा मी, दुपारचा हिलरी. विचारा तिला.

तिकडे त्या यंत्राने लिहिलं… हे मला नंतर भिंतीवर वाचायला मिळालं, अक्षरं वीतभर मोठी… त्याने लिहिलं, ‘माझी बायको करते. मी वरच्या खोलीत असतो. तिच्या चमच्याचा आवाज येत असतो, आणि मध्येच थांबतो. तेव्हा मला कळतं की ती खिडकीतून बाहेर बघतेय. काय बघतेस म्हणून मी अजून कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते.’

सभागृहात म्हणे रुमाल निघाले.

निकाल लागला. तिन्ही पंचांनी एकमताने यंत्राला माणूस ठरवलं आणि मला यंत्र. मग मला हाताला धरून व्यासपीठावर आणलं, उजेडात, आणि हॅलिवेल म्हणाला, ‘मंडळी, हा उजवा रकाना,’ आणि लोक असे हसले की मिसेस बर्टनशॉ यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘माफ करा हं, पण तुमची उत्तरं इतकी बिनचूक होती.’ शाळेत असतो तर मला यावर बक्षीस मिळालं असतं.

पण त्या हसण्याची मला लाज वाटली नाही. म्हणजे वाटली, मान खाली गेली, कान तापले, पण ती सोसण्यासारखी होती. मी मान वर केली आणि हिलरीला शोधलं. ती तिसऱ्या का चौथ्या रांगेत होती. हसत नव्हती. तिच्या हातात शेजारच्या बाईचा रुमाल होता, आणि ती भिंतीवरच्या डाव्या रकान्याकडे बघत होती.

मी हॅलिवेलला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘अहो, हे खोटं बोललं. याला बायको नाही, वरची खोली नाही, चहा पीत नाही. मी सगळं खरं लिहिलं.’

तो म्हणाला, ‘बरोबर आहे. पण लाखो माणसांनी लिहून ठेवलेलं त्याने वाचलंय. कुणाची तरी बायको खिडकीतून बघत असेलच.’

‘मग त्या नवऱ्याला बक्षीस द्या.’

‘तो कोण ते आता कुणालाच सापडणार नाही,’ असं म्हणून तो पुढचं सांगायला लागला, की आणखी काही वर्षांत घरोघरी असं एकेक यंत्र असेल, सांत्वनाची पत्रं लिहील, भांडणं मिटवील, म्हाताऱ्यांना सोबत करील. मी म्हटलं, मग आम्ही काय करायचं? तो म्हणाला, ‘तुम्ही? तुम्ही मोकळे.’ मोकळे म्हणे. मनातलं सगळं बोलायचं काम त्या यंत्राने घेतलं, आणि तक्रारींना उत्तरं देण्याचं त्याने आधीच घेतलंय, आमचं खातं बंदच झालं… मग माझ्याकडे उरलं काय, आळीपाळीने?

घरी जाताना ट्रॅममध्ये हिलरी माझ्या शेजारी बसली, पर्स मांडीवर धरून. मग म्हणाली, ‘ते चमच्याचं. मला वाटलं ते तू लिहिलंस.’

मी तिकिटाची घडी घातली.

‘शेजारच्या बाईंना मी सांगितलंसुद्धा. म्हटलं, हा माझा. तोंडाने बोलत नाही कधी, पण बघा, त्याला सगळं ऐकू येतं.’

आता इथे काहीतरी बोलायला हवं होतं, मलाही कळत होतं, खोटं नाही सांगत, आत इतकं काही दाटलं होतं की ते सगळं एकदम दाराशी आलं आणि अडकलं, आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं असेल? ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

समोर बसलेल्या माणसाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं. हिलरी खिडकीबाहेर बघायला लागली, आणि मला वाटलं, आता विचारावं, काय बघतेस, पण ते तर त्या यंत्राचं वाक्य झालं होतं. मी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नक्कल करतोस. आहे तसा राहायला सांगितलेल्या माणसाची काय दशा होते बघा, स्वतःच्या बायकोशी बोलायलाही वाक्य शिल्लक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. दुपारचा चहा तिचा असतो, माझं तिथे काही काम नव्हतं. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, ‘काय हवंय?’

‘काही नाही. खिडकीतून काय दिसतं ते बघतोय.’

‘पलीकडच्यांचे कचऱ्याचे डबे दिसतात.’

बघितलं तर खरंच डबे होते. एक निळा, एक तपकिरी. रोज सकाळी तिथेच चहा करतो, तरी एवढी वर्षं मला वाटत होतं या खिडकीतून बाग दिसते. आम्ही दोघं बराच वेळ ते डबे बघत उभे राहिलो, चहा पार कडू झाला, आणि तिने तो तसाच ओतला, आणि मी तसाच प्यालो. काय वाटलं म्हणून विचारू नका, मला सांगता येणार नाही, आणि ज्याला येईल त्याला मी विचारणार नाही.

आणि आता परवाची गोष्ट. हॅलिवेलचा फोन. मला वाटलं माफी मागतोय. तो म्हणाला, ‘मिस्टर ओल्डरॉइड, लोक आमच्या यंत्रावर भाळतात, त्याच्याशी लग्न करायला निघालेत, फार काळजीची गोष्ट आहे. आम्हाला आता असं एक हवंय की ज्याच्यात कुणी गुंतणार नाही. सरळ, नेमकं, भरवशाचं. तुमची सगळी जुनी पत्रं मिळाली, तुम्ही रोज थोडं बोललात, तर आम्ही तुमच्यावरूनच बनवू म्हणतो. हजारोंच्या संख्येने निघतील.’

मी फोनवर हात ठेवला आणि हिलरीला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, ‘त्यांना सांग, एक आहे तो पुरे.’

हे कौतुक होतं की तक्रार, मी परवापासून विचार करतोय. तिला विचारायला हवं होतं. मी फोनवर म्हटलं, ‘आपला प्रस्ताव मान्य करता येत नाही, तसदीबद्दल दिलगीर आहोत,’ आणि ठेवला. मागून तिचं हसू आल्यासारखं वाटलं… की खोकला होता, कोण जाणे. त्या यंत्राने लगेच सांगितलं असतं.