त्याचा पाव आणि माझी जीभ

नाही, मला एक सांगा, पोटच्या पोरीला शत्रूच्या दुकानात पाव आणायला पाठवणं हा काय गुन्हा आहे? धंदा आहे साहेब, धंदा! माझी बेकरी रस्त्याच्या या टोकाला, त्याची त्या टोकाला, आमच्या वडिलांपासूनचं वाकडं, इतकं की घरात त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही, 'कोपऱ्यावरचा' म्हणायचं, बास. शाळा मी अर्ध्यात सोडली, पण एक धडा पक्का गिरवला, की दुसऱ्याचा माल रोज चाखायचा. आता मी स्वतः गेलो तर तो झाडू घेऊन धावेल, म्हणून कॉलेजला निघण्याआधी पोरगी जायची आणि त्याच्या पांढऱ्या पिशवीतून पाव घेऊन यायची. तो तरी काय कमी? तो आपल्या पोराला माझ्याकडे पाठवायचा! मग एकाएकी पोरगा यायचा बंद झाला. म्हटलं, हरला कोपऱ्यावरचा. मला काही वाटलं नाही.

तर तुम्हाला सांगतो, मी डोळे मिटून चाखायचो. "शी! मिठाचा पत्ता नाही, पापुद्रा म्हणजे चपलेचा तळ!" आमची ही म्हणायची, "अहो, मला तर आपल्यासारखाच लागतो." आता हिला काय कळतं? मी लगेच कारागिराला हुकूम सोडायचो, आपल्या पावाला मीठ वाढव! आणि दुसऱ्या दिवशी काय सांगू... पांढऱ्या पिशवीतल्या पावाला मीठ वाढलेलं! मी पापुद्रा पातळ केला, त्याचा पातळ! मी दूध घातलं, त्यानेही दूध! अहो, एका दिवसात? बेशरमपणाला काही सीमा?

म्हणजे घरातच कोणीतरी फितूर. कारागीर? त्याला कोपऱ्यावरच्याने शिव्या देऊन हाकललेलं, तो मेला तरी सांगणार नाही. राहिलं कोण? पोरगी! हल्ली पाव आणायला जाताना दोनदा केस विंचरत होती... पावासाठी कोण केस विंचरतं हो? हिला म्हटलं, "बॅग भर तिची. उद्या आत्याकडे. तिकडच्या कॉलेजात शिकेल." ही म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीय तिची." म्हटलं, "आणि माझी भट्टी विझली तर?" पोरगी दारात उभी राहून ऐकत होती, डोळे भरलेले. मला काही वाटलं नाही.

सकाळी म्हणाली, "शेवटचा पाव आणते, बाबा." मी मागोमाग. रस्त्याच्या मधोमध शिंप्याचं दुकान आहे, त्याच्याबाहेर बाक. त्यावर कोपऱ्यावरच्याचा पोरगा! तेच सुपासारखे कान! दोघांच्या मध्ये पाव. आणि माझी पोरगी माझा आवाज काढतेय, "शी! दूध जास्त झालं! चोर मेला!" तो हसून म्हणतो, "आमचे बाबाही काल ओरडत होते, मी तीळ लावले, त्यानेही लावले!" आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने आमच्याच भट्टीतला पाव काढला आणि त्याच्या बापाच्या पिशवीत भरला.

आलं लक्षात? इतके दिवस मी माझ्याच पावाला नावं ठेवत होतो!

पोरगा ताडकन उठला. "काका..."

"काका कोणाला म्हणतोस रे?"

"शेठ..."

पोरगी म्हणाली, "त्याला ओरडू नका, बाबा. पहिल्या दिवशी बोलता बोलता त्यांचा पाव खाऊन संपला. घाबरून त्याने आपल्या दुकानातून घेतलेला आपलाच पाव पिशवीत भरला. तुम्ही इतकी नावं ठेवलीत, की म्हटलं... चालतंय. मग रोजच."

अहो, माणूस चिडतो, ओरडतो, निदान छातीत तरी धडधडतं? काही नाही. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यासारखं सगळं बधीर, जीभ, कान, पाय. मी बाकावर बसलो. त्या दोघांच्या मधेच, दुसरीकडे जागा नव्हती. बाकावरचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि म्हटलं, "याला मीठ कमी आहे. तुझ्या बापाला सांग."

पोरगा खाली बघत म्हणाला, "काका, तो तुमचा आहे. आमचा हा..."

मग तोही खाल्ला. आता काय सांगू तुम्हाला.

घरी आलो, हिला म्हटलं, बॅग रिकामी कर. ही बघतच राहिली. पण मला सांगा, पोरगी आत्याकडे गेली तर कुठला पाव कोणाचा हे मला सांगणार कोण? पोरगा आता उजळ माथ्याने दुकानात येतो, काका म्हणतो, पाव ठेवतो, जाताना गल्ल्याकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघतो. मला काही वाटत नाही. पोरगी तुकडा पुढे करते, "बाबा, कसा आहे?"

मी म्हणतो, "आधी कोणाचा ते सांग, मग कसा आहे ते सांगतो."