सतरा नंबरचं मशीन

नाही, खुर्च्यांपुढे तुम्ही न मोजताच बरोबरची खूण केलीत, मॅडम — बघत होतो मी. बारा खुर्च्या, दोन कपाटं, वजनकाटा, सगळ्यावर नुसत्या खुणा. आणि सतरा नंबरच्या शिलाई मशीनपाशी पेन थांबलं. का बरं? दीडशे वस्तूंची यादी, आणि नेमकं तेच बघायचंय? कॅशियरनं कान भरले असणार. हसू नका — एकवीस वर्षं या गणवेशांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय, ऑडिटर पुष्कळ पाहिलेत. वरच्या वर चहा पिऊन सह्या करतात नि जातात. तुम्ही खाली उतरलात, म्हणजे कुणीतरी पाठवलंय.

मशीन दुरुस्तीला गेलंय. कधी म्हणजे — झाले असतील आठ दिवस. पावती? मिस्त्री ओळखीचा आहे हो, पावती कशाला. आणि किंमत काय त्याची? दरवर्षी घसारा लावून लावून ताळेबंदात एक रुपया उरलाय — एक! तोसुद्धा वस्तू आहे हे विसरू नये म्हणून. मोठ्या साहेबांनीच समजावलं होतं मला. एका रुपयासाठी तुम्ही एवढ्या पायऱ्या उतरलात, हे काही पटत नाही. मी घाबरत नाहीये, कर नाही त्याला डर कशाला — घाम येतोय तो पंखा बंद आहे म्हणून. सहा महिन्यांनी रिटायर होतोय, माझी ग्रॅच्युइटी कुणाच्या डोळ्यांत खुपतेय ते ठाऊक आहे मला. काय? बंद पडलंय का, एवढंच विचारताय? बंद कसं पडेल — पट्टा नवा घातलाय, दर रविवारी स्वतः तेल देतो, आज सकाळीच सूनबाईनं त्यावर दोन झबली —

हां. घरी आहे. मुलगा गेला, तिनं दुसरं काय करायचं होतं? दोन्ही नातींची शाळा त्यावर चालते. भर दुपारी हातगाडीवर घालून गेटातून नेलं, सगळ्यांदेखत. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता तरी सांगा, कुणी पाठवलं तुम्हाला?

कुणीच नाही? एका रुपयावर आलेल्या सगळ्या वस्तू यंदा यादीतून काढायच्यात? म्हणजे — नुसतं भंगारात गेलं म्हणालो असतो, तर रेघ मारून वर गेला असतात?

असं होय.

काय लिहिताय आता? नको, वाचून दाखवू नका. सही कुठं करायची तिथं बोट ठेवा — आणि जा तुम्ही.