बाबांचा गोल

साल्तो शहरातल्या टीव्हीच्या दुकानात झुल्मा रांगेत उभी होती. पुढची बाई दुकानदाराशी हुज्जत घालत होती.

"हा बिनतारी डबा परत घ्या, एल्बिओभाऊ."

"का? बैठकीतल्या टीव्हीचं चित्र बाबांच्या खोलीत दिसत नाही?"

"दिसतं, पण दोन सेकंद उशिरा. बैठकीत आम्ही गोल म्हणून ओरडतो, तेव्हा त्यांच्या पडद्यावर चेंडू अजून मैदानातच असतो. अंथरुणाला खिळलेला माणूस! काल म्हणाले, माझा टीव्ही काढूनच टाका."

"मग बैठकीतून त्यांच्या खोलीपर्यंत जमिनीवरून वायर टाका."

"आणि आई काठीसकट अडखळून पडली म्हणजे?"

झुल्माला राहवलं नाही. "अहो, मग बाबा ओरडेपर्यंत तुम्ही गप्प बसा."

"गोल झाल्यावर? आमच्या घरात?"

"दोनच सेकंद."

"भावाच्या तोंडात बोळा कोंबावा लागेल," म्हणत बाईने डबा पुन्हा पिशवीत ठेवला.