लांडगा भुंकत नाही हो!

...आणि वर मलाच विचारतात, "काका, हा भुंकत का नाही? आजारी आहे का?" आता काय बोलायचं, सांगा! तिकीट काढून आत येतात, पिंजऱ्यावर ही एवढी मोठी पाटी, त्यावर 'लांडगा' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि त्या पाटीलाच टेकून बाप लेकराला म्हणतो, "ते बघ, भूभू!" आणि मग लेकरू राहिलं बाजूला, बापच सुरू, "भू! भू! भू!" अहो, चांगला नोकरदार माणूस, गळ्यात ओळखपत्र, शर्ट खोचलेला, आणि चारचौघांत भुंकतोय! आत लांडगा गप्प, बाहेर माणूस भुंकतोय, आणि आजारी कोण, तर म्हणे लांडगा! तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं झाली मला या प्राणिसंग्रहालयात, त्यातली अकरा लांडग्यांच्या पिंजऱ्यावर. घसा कोरडा पडला सांगून सांगून, लांडगा भुंकत नाही हो!

म्हणजे अगदीच नाही असं नाही. भुंकतो, पण कधी? जिवावर बेतलं तर! एकदाच, दबक्या आवाजात, 'वुफ'. म्हणजे धोका आहे, आत पळा. संपलं. नाही तर आमचा हवालदार! हवालदार म्हणजे आमच्या घरचा कुत्रा. दूधवाला आला, भुंक. दूधवाला गेला, भुंक. दूधवाला आलाच नाही, मग तर जास्तच भुंक! दोघांचं कूळ एकच म्हणतात. असेल बुवा... पण कुत्रा माणसांत राहिला आणि माणसासारखा झाला, काम थोडं आणि बडबड फार. कोल्ह्यांची तऱ्हा आणखी निराळी, एकाने कुई केलं की सगळ्यांनी कुई करायचं, विषय काय ते कोणालाच ठाऊक नाही, थेट आमच्या ऑफिसातली मीटिंग. रानकुत्रा तर शीळ घालतो, शीळ! वयात आलेल्या पोरांना शोभतं ते. आणि लांडगा... लांडगा हाक मारतो. लांबलचक, एका दमात, आऊऽऽऽऽ. मी इथे आहे, तू कुठे आहेस? एवढंच विचारतो बिचारा.

आमच्याकडे जोडी होती. म्हातारा आणि म्हातारी. कागदावर काहीतरी नावं होती, पण कागद वाचतो कोण? उन्हं कलली की दोघं माना वर करून सूर लावायची, आणि गंमत अशी की दोघांचा सूर कधी एक नाही. त्याने खाली नेला की ही वर, ही खाली आली की तो भलतीकडेच. बाहेर उभं राहून ऐकणाऱ्याला वाटावं, आत आठ-दहा तरी असतील! लोक येऊन मोजायचे. "काका, बाकीचे कुठे ठेवलेत?" बाकीचे कुठले, संसार आहे तो! आमच्या घरात तरी दोनच माणसं आहेत, शेजाऱ्यांना विचारा किती वाटतात.

तर एक दिवस म्हातारा गेला. झोपेतच गेला. आणि म्हातारी दोन दिवस हाका मारत राहिली. हाक मारायची आणि थांबायची, कान उभे करून. मी तिथेच खराटा हातात घेऊन उभा, आणि मीही कान देऊन ऐकतोय, जसं काही कोणी उत्तर देणार आहे! तिसऱ्या दिवशी तिने हाक मारणं सोडलं. मग खाणं कमी केलं, आणि मग खाणंही सोडलं. मी मांस बारीक करून ठेवलं, कोमट करून ठेवलं, कलेजी ठेवली. बघेना! सकाळी ठेवलेलं संध्याकाळी जसंच्या तसं उचलायचं, ते फार जिवाला लागतं हो. मला रडू यायचं, खोटं कशाला सांगू.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी स्पीकर आणला, त्यावर कुठल्या तरी रानातल्या लांडग्यांच्या हाका लावल्या. झालं उलटंच! म्हातारीला वाटलं परकी टोळी घरात शिरली, शेपूट पायात घालून जी कोपऱ्यात बसली... मग बाई मला म्हणाल्या, "काका, ओळखीचा आवाज हवा. तुम्हीच हाक मारा." मी म्हटलं, मी? म्हणाल्या, "तुम्हीच. शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही, तर शनिवारी भूल देऊन नळीने भरवावं लागेल. आणि या वयात भुलीतून ती उठेलच, असं मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, मारतो.

पण शिकवणार कोण? घरी हवालदार! आमची ही घरात नव्हती, लेकीला बाळ झालं म्हणून तीन आठवडे तिकडे. घर मोकळं. रोज सकाळी हवालदाराला समोर बसवलं आणि म्हटलं, चल, लाव सूर. त्याने लावला, मी लावला, गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांनी लावला, वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी कधी येणार आहेत?" त्यांना वाटलं, मी विरहाने करतोय! तीन दिवस रियाज करून बुधवारी पिंजऱ्यासमोर उभा राहिलो, छाती भरून घेतली, आऊऽऽऽऽ... आणि म्हातारीने मान उचलली! अहो, उचलली! कान इकडे केले! आणि मी आनंदाच्या भरात, हवालदाराने शिकवलं तसं, शेवटी जोरात, "भू! भू!"

गेली. गुहेत जी गेली, ती दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर नाही. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काका, काय सांगितलंत तिला, कळतंय का? मी इथे आहे, ये... आणि धोका आहे, पळ!" म्हणजे अकरा वर्षं जगाला ओरडून सांगणारा मी, लांडगा भुंकत नाही हो... आणि भुंकलं कोण? मीच!

शुक्रवार उजाडला. पाण्यालाही तोंड लावेना. बाईंनी दुसऱ्या दिवसाची सुई, नळी, सगळं काढून ठेवलं. मी तिथेच खाली बसलो. म्हटलं, बाई गं, मला तुझी भाषा येत नाही, माझी चूक झाली, पण असं नको करूस.

आणि दुपारी बरोबर साडेबाराला मागच्या फाटकातून आवाज आला, "अहोऽऽऽऽऽ!"

आता हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. आमची क्वार्टर मागच्या फाटकाला लागून. ही रोज गरम डबा घेऊन यायची, पण आत यायची परवानगी नाही. मग फाटकाशी उभं राहून हाक मारायची. हाक कायम अशीच, लांबलचक, एका दमात, आधी वर चढणारी, मग हळूहळू उतरणारी. अकरा वर्षं, रोज! त्या सकाळीच परतली होती, आल्या आल्या चुलीशी लागली आणि डबा घेऊन आली.

म्हातारी गुहेतून बाहेर आली. पाय लटपटत होते. फाटकाकडे तोंड केलं, मान वर केली, आणि... आऊऽऽऽऽ! तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला खराटा पडला. फाटकाशी हिने डबा खाली ठेवला. मग पुन्हा, "अहोऽऽऽ!" म्हातारी पुन्हा! हिचा वर, तिचा खाली! बाहेर लोक जमले, मोजायला लागले! मी पळत जाऊन फाटक उघडलं, गेला खड्ड्यात नियम, हिला हाताला धरून पिंजऱ्यासमोर आणलं, मांस आत सरकवलं. म्हातारीने वास घेतला. हिच्याकडे पाहिलं. आणि खाल्लं! मी रडतोय, डॉक्टरीणबाई रडताहेत, ही मला म्हणते, "अहो, रडताय काय, डबा गार होतोय!" आणि मग म्हातारीकडे बघून हळूच, "बघा. पहिल्या हाकेला ओ देते. तुम्ही बत्तीस वर्षांत कधी दिलीत?"

नव्हती दिली हो. 'आलो', 'थांब', 'काय आहे', असंच. पण ओ मिळाली नाही तर हाक मारणाऱ्याचं काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं ना! त्या दिवसापासून ठरवलं, हिच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची. आणि ही आता रोज दुपारी फाटकातून म्हातारीलाही हाक मारते, मगच ती खाते. काल सकाळी दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून आलं, "अहोऽऽऽ!" अर्ध्या गालाला साबण तसाच, मी धावत गेलो, "ओ! काय गं? काय झालं?"

तर मला म्हणते, "तुम्हाला नाही. दुपारसाठी घसा मोकळा करतेय."